डाव्या हाताला पाच, उजव्याला एक

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार, दुपारी ३.१०
बेळगाव. आयसीयूच्या दाराबाहेर नखांतला लाल रंग कोरत होतो. डॉक्टरांनी बोलावलं. माझ्या पोरीला, पुनीला, डेंग्यू, रक्तदाब पार खाली. मनगटाच्या धमनीत बारीक नळी बसवायची – म्हणजे रक्तदाब सतत दिसेल. "नाडी हाताला लागेना. सोनोग्राफीत बघून टोचतो."
मी म्हणालो, "सोनो नको! किरणं नकोत, पाच वर्षांची पोर हाय!"
"किरणं नसतात हो त्यात."
ऐकलं नाही. अनगोळच्या सोनोग्राफी सेंटरच्या दारावरची पाटी मीच रंगवलीय – 'सावधान! किरणोत्सर्ग'. एक वेलांटी चुकलेली नाही.
"वाद घालायला वेळ न्हाय," म्हणाले, आणि चाचपूनच सुई घातली.

५.४०
डाव्या मनगटात पाच वेळा टोचलं, तेव्हा नळी बसली. काचेतून मोजलं. पुनी रडली नाही. रडायला पाहिजे होती.

१३ ऑगस्ट, मंगळवार
डावा हात गार – टोचून टोचून धमनी बुजली. बोटांची टोकं निळी. नळी काढावी लागली.
क्षमा सिस्टर निपाणीच्या. म्हणाल्या, "आता उजव्या हाताला तरी बघून टोचू द्या, दादा." सही केली. मला उशाशी उभं राहू दिलं. पडद्यावर एक काळा गोल, बारीक धडधडणारा. दाबलं की शेजारची शीर चपटी होते, हा होत नाही – हीच धमनी. सुईचा पांढरा ठिपका अलगद आत गेला.
एकदाच!
"आणि किरणं?"
"नुसता आवाज असतोय. आपल्याला ऐकू येत न्हाय तसला."

१४ ऑगस्ट, बुधवार
सेंटरला फोन केला. बाई हसल्या. "अहो पेंटर, ती पाटी एक्स-रेच्या खोलीची. तुम्हीच सोनोच्या दारावर ठोकून गेलात. आम्ही मागनं काढली."
अक्षर बरोबर. दार चुकलं.
आईला सांगितलं. "नववीपर्यंत शिकलास ते ह्याच्यासाठी व्हय रं?" बायको, दिपाली, कालपासून माझ्याशी बोलत नाही.

१५ ऑगस्ट
तीन बोटं काळी. "वाट बघू," डॉक्टर म्हणतात. टोकं गळतीलही.

१८ ऑगस्ट, रविवार, सकाळी ९.२०
पुनी शुद्धीवर आली! पाणी मागितलं. मग डावा हात डोळ्यांपुढं धरून किती तरी वेळ बघत राहिली.
"पप्पा, तुझा रंग लागलाय मला. टर्पेंटाईननं पूस की."