शिक्का स्पष्ट होता

दादा,

विमानं बंद आहेत, असं मी तुला तीन आठवडे सांगत राहिले. ते खोटं होतं. मला इथून निघता येत होतं, फक्त परत येता येत नव्हतं. साथीमुळे परदेशी माणूस एकदा देशाबाहेर गेला की त्याला दार बंद. नोकरी इथे, पोरीची शाळा इथे, म्हणून बसून राहिले.

परतीची परवानगी मिळायची, पण कारण सबळ हवं. बाबा दवाखान्यात आहेत, असं मी अर्जात लिहिलं. व्हिसा कचेरीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आजारपण यादीत नाही हो. मृत्यू आहे." बिचाऱ्या मान खाली घालून बोलल्या. त्यांच्यावर तरी काय चिडायचं?

मग कामावर, दातांच्या लॅबमध्ये जाऊन लोकांच्या कवळ्या घासत बसले. बाबांची नवी कवळीही तिथेच तयार आहे. मागच्या खेपेला मी घरी आले, तेव्हा माप देताना ते म्हणाले होते, "लवकर आण गं, पातळ खाऊन खाऊन वीट आलाय."

सोमवारी तू बाबांच्या मृत्यूचा दाखला फोनवर पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आता तरी ये." दादा, मी तो मोठा करून आधी शिक्का स्पष्ट आहे का ते पाहिलं. मग तारीख, मग बाबांचं नाव. मला हुश्श वाटलं रे. रडू आलं ते अर्ज भरून झाल्यावर.

परवानगी आज आली. हे पत्र माझ्याजवळच राहील. विमानं सुरू झाली, एवढंच तुला फोनवर सांगेन.

तुझी,
चिमी