तीन ब्राउझर आणि आईची कबर

सुम्बेरवारू, मध्य जावा
रुवाह महिन्याच्या तोंडावर

थोरल्या बहिणीच्या, म्बाक्यू कुस्तियाह यांच्या पायांशी धाकट्या वुर्यानीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मकास्सरच्या समुद्राच्या हवेने ते सुधारतील असं तुमच्या मुलाने सांगितलं होतं, आणि तो दातांचा डॉक्टर असल्यामुळे गुडघ्यांबद्दलचं त्याचं मत मी शांतपणे ऐकून घेतलं. सूनबाई आणि मुलं खुशाल असतील. माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे कुणी नाडी पाहिली तर उत्तम आहे. सरकारी नोंदीत नाही, पण ते पुढे येईलच. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नका (दचकलात तर आधी बसून घ्या). हे सगळं फोनवर कळवता आलं असतं, पण फोनवर तुम्ही वाचत नाही, नुसती फुलं पाठवता. रोज सकाळी एक गुलाब आणि त्याखाली ‘हसत राहा’. जन्मभर मुलींना रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला हे कुणी सांगू नये. पत्र मात्र तुम्ही वाचाल, कारण ते पुढे ढकलता येत नाही.

विषय आईच्या कबरीचा आहे. पाऊस ओसरल्यावर गवत काढायला टेकडीवर गेले, तर आईच्या उशाशी पत्र्याची एक पाटी ठोकलेली. मुदत संपली. तुम्हाला आठवत असेल (नसेलही, तुम्ही रुवाहात शेवटच्या आलात तेव्हा आंब्याचं झाड अजून उभं होतं), आपल्या कबरस्तानात दर तीन वर्षांनी जागेची मुदत वाढवून घ्यावी लागते. रुवाह संपेपर्यंत, म्हणजे रमजान लागायच्या आत, वाढवली नाही तर त्याच जागेत, आईच्या वर, दुसऱ्या कुणाला तरी ठेवतात. आईचा स्वभाव तुम्ही जाणता. शेजारच्या कोंबड्या अंगणात आल्या तर ती आठवडाभर शेजारणीशी बोलत नसे. तिच्या वेताच्या खुर्चीत बाबासुद्धा विचारून बसायचे. तिच्या वर कुणी अनोळखी माणूस येऊन निजणार, कदाचित घोरणारा, ही कल्पना मला सहन झाली नाही. पूर्वी हे काम राखणदार पाक सारिजान एका सहीवर आणि एका सिगारेटच्या पाकिटावर करून देत असत. या वेळी पाकीट पुढे केलं तर त्यांनी ते घेतलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, “आता सगळं ऑनलाइन, बू वुर.” ते कुठे असतं असं विचारल्यावर त्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं. मला वाटलं आईबद्दल बोलताहेत.

तर घरी येऊन संगणक उघडला. तो आमच्या ह्यांचा. फुकट मिळेल ते यंत्रात भरायची ह्यांना सवय होती, त्यामुळे त्यात तीन ब्राउझर आहेत, आणि तिघांची परीक्षा घेऊन मी हे लिहीत आहे, तेव्हा शेजारणीच्या जावयाचं ऐकू नका. पहिल्याच्या चित्रात पतंग आहे. त्याचं सगळं जग कौतुक करतं. तो चपळ आहे हे मान्य. तुम्ही अर्धा शब्द लिहिता, उरलेला तो लिहितो. पहिल्या बाकावर बसून प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणाऱ्या मुली असतात ना, त्यातला. अशा मुलींना मी नेहमी भरपूर गुण दिले आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या कधीही दिल्या नाहीत. शिवाय तो काही विसरत नाही. गेल्या वर्षी तुमच्यासाठी एकदा ‘गुडघेदुखी’ असं शोधलं होतं, तेव्हापासून मी बातम्या वाचायला बसले की तो मला तेलं दाखवतो. आणि खादाड इतका, की तो चालू असला की यंत्राचा पंखा भाताचं भांडं उतू जाताना करतं तसा आवाज करत राहतो. पालिकेचा अर्ज मी त्यात दोनतीनदा भरला, दर वेळी पाठवायच्या आत यंत्रच गोठलं.

दुसरा घुबडवाला. हा संशयी. तुमचं गुपित कुणाला सांगणार नाही ही त्याची प्रतिज्ञा, आणि ती तो पाळतो, कारण त्याला तुमचं काहीच आठवत नाही. रोज सकाळी मी कोण हे त्याला नव्याने सांगावं लागतं. (आमचे हे शेवटच्या वर्षी असेच झाले होते, पण ते विचारताना हसायचे.) पालिकेच्या साइटवर कबरींचा नकाशा वेगळ्या छोट्या खिडकीत उघडतो. त्यात आपली जागा बोटाने दाखवायची, मग पुढचं. घुबडाने ती खिडकी उघडू दिली नाही आणि वर कोपऱ्यात लिहून कळवलं, एक धोका टाळला. तो धोका म्हणजे आपली आई. मी त्याला समजावलं, सूट दिली, सगळे पहारे उठवले. मग खिडकी उघडली, पण तोवर साइट मला विसरली होती, आणि घुबडाला तर मी मुळातच माहीत नव्हते.

तिसरा यंत्राबरोबर आलेला, निळा. हळू, शांत, उगाच अंगचटीला न येणारा. मला माणूस आवडला. पण पालिकेची साइट त्याला पाहून म्हणते, आपला ब्राउझर फार जुना झाला आहे, आपण नवा घ्यावा. मी ते मनाला लावून घेतलं. तिच्याकडे दुर्लक्ष करून अर्ज भरला, तर सगळे रकाने दिसले, नकाशा दिसला, आईच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटोसुद्धा गुमान चढला. फक्त शेवटचं ‘पाठवा’ हे बटण पडद्याच्या खाली कुठेतरी गेलं, ते काही केल्या वर येईना. निवृत्त शिक्षकांचं असंच असतं. सगळ्या सभांना बोलावतात, चहा देतात, मताला बोलावत नाहीत.

म्हणून परत पतंग. आणि इथे घात झाला. आधी दोनतीनदा अर्ज भरल्यामुळे पतंगाला माझी सगळी माहिती पाठ झाली होती. मी ‘अर्जदाराचे नाव’ या रकान्यात पहिलं अक्षर लिहिलं न लिहिलं तोच त्याने खालचे सगळे रकाने धडाधड भरून टाकले. मी वरचा रकाना तपासला. खालचेही तसेच बरोबर असणार असं धरलं. (एवढ्यासाठी मी मुलींना वर्गाबाहेर उभं केलेलं आहे.) बटण दाबलं. हिरवी खूण आली. आणि खाली लिहून आलं की मयत वुर्यानी यांची नोंद झाली आहे, कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

मला वाटलं, सकाळी पालिकेत जाऊन दुरुस्त करू. पण ही साइट मयताच्या पत्त्यावरच्या गल्लीप्रमुखाला लगेच निरोप धाडते, हे काम मात्र ती तिन्ही ब्राउझरांत चोख करते. सकाळी उठून फाटक उघडलं तर गल्लीच्या तोंडाशी मयताची झेंडी लागलेली, मशिदीच्या भोंग्यावरून माझं नाव नुकतंच सांगून झालेलं, आणि आपले गल्लीप्रमुख पाक तारमुजी माझ्या दारात प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवून घेताहेत.

“कोण गेलं?” मी विचारलं.

त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोनकडे. “तुम्ही, बू वुर. म्हणजे पालिकेकडून तसं आलंय.”

“मग मी ही इथे काय करतेय?”

“तेच मी विचारणार होतो,” ते म्हणाले. “पण खुर्च्या तर आता उतरवल्यात.”

तोवर बायका यायला लागल्या. डोक्यावर ओढण्या, कडेवर तांदळाची घमेली, वर रुमाल. पुढे बू मुर्तिनी, गटाराच्या भांडणानंतर जी माझ्याशी बोलत नव्हती ती. रडत येत होती. मला फाटकात केरसुणी घेऊन उभी पाहिल्यावर तिला रडणं थांबवायला बरेच कष्ट पडले.

“मी कोपऱ्यापासून इथवर तुमच्याबद्दल चांगलं बोलत आलेय, बू वुर,” ती म्हणाली. “सगळ्यांनी ऐकलंय. आता कसं करायचं?”

“परत घ्या,” मी म्हटलं. “मी ऐकलेलं नाही.”

पण तांदूळ परत घ्यायला एकही बाई तयार होईना. मयताच्या घरी नेलेला तांदूळ माघारी आणला तर मरण आपल्या चुलीपाशी येतं, हे तुम्हालाही आईनेच शिकवलं आहे. मी म्हटलं, इथे मयत झालेली नाही. त्या म्हणाल्या, झेंडी लागली आहे. आणि मागल्या दाराने जाऊन माझ्या पिंपात ओतून आल्या, पिंप भरल्यावर बादलीत, बादली भरल्यावर ह्यांच्या अंघोळीच्या टबात. मग आलोच आहोत तर म्हणून खुर्च्यांवर बसल्या, आणि मीच चहा केला. आपल्या मयतीला आपणच पाहुण्यांना साखर किती विचारणं ही गोष्ट, म्बाक्यू, माणसाने एकदा तरी करून पाहावी. पुष्कळ गैरसमज दूर होतात. त्यांनी जाताना मला एक प्रश्न विचारला, तो इथे लिहीत नाही.

पालिकेत खिडकीवर एक तरुण बाई होती, नम्र. तिने माझं ओळखपत्र यंत्राला दाखवलं आणि म्हणाली, “बू, मृत व्यक्तीला अर्ज करता येत नाही.”

“मी तुझ्यासमोर उभी आहे.”

“हो बू, मला दिसताय,” ती म्हणाली, आणि पडदा माझ्याकडे वळवला. “याला दिसत नाही.”

तर परिस्थिती अशी. मी मृत, म्हणून माझा अर्ज बाद. अर्ज बाद, म्हणून आईची मुदत तशीच संपलेली. रुवाह उलटला की जागा मोकळी धरतील. मला दुरुस्त करायचं तर वारसाने अर्ज करावा लागतो, आणि मला मूलबाळ नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. वारस तुम्ही. म्हणून नीट वाचा. तुमच्या मुलाच्या यंत्रात पतंग असेल, सगळ्यांच्या असतो. तो वापरा, पण त्याच्यावर नजर ठेवा. त्याने पुढे होऊन भरलेलं प्रत्येक अक्षर खोडा आणि स्वतः लिहा. घुबड असेल तर त्याला हात लावू नका, तुम्ही दोघंही विसरभोळे. आधी मला जिवंत करायचं, मग आईची मुदत वाढवायची. क्रम चुकला तर दोघी गेलो. आईचं नाव नुसतं सामिनेम असं लिहायचं. पतंग आडनाव मागेल. द्यायचं नाही. आपल्याकडे कुणाला होतं?

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. उत्तर पत्राने द्या. फूल नको.

आपली धाकटी,
वुर्यानी (सध्या मयत)

ता. क. — पाक तारमुजींनी त्या सकाळी माझी बातमी गल्लीतल्या जुन्या रहिवाशांच्या ग्रुपवरही टाकली होती. तुम्ही त्यात आहात. बू मुर्तिनीचा तांदूळ यायच्या आधी तुमचे जोडलेले हात आले होते, खाली ‘अल्लाह शांती देवो’. मग दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी गुलाब. तुम्ही रडायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. पण नाव पहिल्याच ओळीत होतं, आणि आपल्या गल्लीत दुसरी वुर्यानी नाही.

आणखी ता. क. — बायकांनी विचारलेला प्रश्न असा: तुम्हाला शेवटची अंघोळ कोण घालणार होतं? मी म्हटलं, बहीण आहे. त्या म्हणाल्या, मग ती कधी येणार? मी म्हटलं, निघाली आहे. बू मुर्तिनी अजून रोज फाटकाशी थांबून विचारते, पोचली का. गाडीला उशीर झाला आहे असं मी किती दिवस सांगू?

शेवटचं — पालिकेतली ती बाई, मी छत्री उचलून निघाले तेव्हा म्हणाली, की घरातल्या दोघीजणी ओळखपत्रं घेऊन समोर आल्या तर कागदावर सही करून दोन्ही कामं तिथल्या तिथे होतात. ब्राउझर लागतच नाही. तेव्हा वर जे लिहिलं आहे ते वाचलं नाही तरी चालेल. रुवाह संपायच्या आत आलात तर आईच्या नावाने तांदळाच्या पिठाचे अपेमही घालता येतील. पीठ ओतायला एक आणि तव्याशी एक, दोघी लागतात. पीठ दळून ठेवलं आहे, तरी टब अजून भरलेला आहे, आणि वरच्या थराला पोरकिडे दिसायला लागले आहेत. एकटीने हा तांदूळ मला संपत नाही. गुडघ्यांची काळजी नको. पाक तारमुजी खुर्च्या न्यायला अजून आलेले नाहीत.