रविवारचा कोरा रकाना

ती. बाबांना लेकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. आईला इथपर्यंतच वाचून दाखवा.

व्हिसाच्या नियमाने मला आठवड्याला वीसच तास काम करता येतं. जास्त भरले तर परत पाठवतात. लाँड्रीत मी वीसच भरते, तरी या आठवड्याच्या पगारचिठ्ठीत अठ्ठावीस तासांवर कर कापलाय, हातात पैसे मात्र वीसचेच. हजेरीवही उघडली, तर रविवारी माझ्या नावापुढे आठ तास आणि सही! रविवारी मी लायब्ररीत होते, बाबा.

माझ्या खोलीतली मुलगीही तिथेच कामाला आहे. तिचे वीस तास शुक्रवारीच संपले होते. रविवारी "मैत्रिणीकडे जाते" म्हणून गेली आणि आली तेव्हा कपड्यांना लाँड्रीच्या साबणाचा वास. वर मला न मागता चहा करून दिला.

तुम्ही जन्मभर हजेरी कारकून. सुट्टीचा रकाना कोरा सोडू नये, लाल रेघ मारावी, असं सांगायचात आणि मी हसायचे. आता मारते. मॅनेजरने विचारलं, "ही रेघ कशाला?" म्हटलं, "आमच्या घरची पद्धत." तो हसला नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? आई गोळ्या वेळेवर घेते ना?

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. मागचं खोलीतल्या त्या मुलीकडे टाकायला दिलं होतं. मी कोणत्या वारी कामावर नसते, ते सगळं त्यात लिहिलं होतं. तुम्हाला ते मिळालं का?

तुमची,
डोळे उघडे ठेवून राहणारी लेक