निळे केस आणि मावशी

३ जून, मंगळवार
निळे! पोरीने केस निळे केले! मैत्रिणीच्या बाथरूममध्ये आधी ब्लीच, मग रंग. हात लावून पाहिला तर नुसता काथ्या. मी इतकी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तिने खोलीचं दार आपटलं.

५ जून, गुरुवार
दुकानात चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवायला निघाले होते!

संध्याकाळी तेल कोमट केलं, पोरीला पुढ्यात बसवलं आणि बारीक फणीने गुंता काढायला लागले. केस मधूनच तुटून हातात येत होते. "आई, थांब ना!" मी थांबले नाही. आणखी एकदा ओढलं की सुटेल, असं वाटत होतं. ती रडत उठून गेली.

७ जून, शनिवार
ठरल्याप्रमाणे दोन दिवस तिच्या बाबाकडे गेली. जाताना वळूनही पाहिलं नाही.

८ जून, रविवार
परत आली ती मऊ केस मिरवत! "मावशीने केसांना मास्क लावला."

मावशी म्हणजे आईची बहीण. मला बहीण नाही. बाबाच्या दुसऱ्या बायकोला मावशी म्हणायचं हे ठरवलं कुणी?

कधी नव्हे ती भरभरून बोलत होती. "आधी खराब टोकं कापली. मग ओल्या केसांना क्रीम लावलं, जाड दातांच्या फणीने खालून वर विंचरलं. मग डोक्याला टोपी घालून आम्ही पिक्चर बघितला."

आम्ही! माझ्याबरोबर बसली की अर्ध्यातच हिला झोप येते.

११ जून, बुधवार
तोच मास्क शोधून आणला. तर म्हणते, "राहू दे आई, शनिवारी मावशी लावणारच आहे."

मग स्वतःच्याच डोक्याला फासला. पांढरे लपवून लपवून माझ्याही केसांचा खराटा झालाय. चांगला आहे मेला. त्याचाही राग आला.

१४ जून, शनिवार
पोर चार्जर विसरली, तो द्यायला गेले. कसला चार्जर — मला बघायचं होतं!

दार उघडंच होतं. पोर जमिनीवर बसलेली, त्या बाईच्या गुडघ्यांना टेकून, डोळे मिटून. ती एकेक बट हातात घेऊन क्रीम चोळत होती. कसली म्हणून घाई नाही. माझ्या मांडीवर हिने असं डोकं कधी टाकलं होतं? पहिलीत असेल.

आत तिचा बाबा फोनवर कुणावर तरी खेकसत होता. तोच जुना सूर. त्या बाईचे हात थांबले, खांदे आक्रसले. मग पुन्हा चोळायला लागली.

चार्जर दारातच ठेवून निघाले. ते केस जळून गेले असते तर बरं झालं असतं, असंही मनात आलं. पोटच्या पोरीचे केस! लिहितानाही लाज वाटते.

१९ जून, गुरुवार
निळा उतरून आता शेवाळी झालाय. मी काही म्हणायच्या आत — "मावशी बघेल."

२१ जून, शनिवार
पोर बाबाकडे जायला तयार होत होती. बेल वाजली. दारात ती बाई, हातात मोठी बॅग.

"मी निघालेय. त्या घरी परत जाणार नाही," हलक्या आवाजात म्हणाली. "तिला सांगायचा धीर होत नव्हता." मग एका दमात, "मास्क आठवड्यातून एकदाच लावा. मुळांना नको. दुखतंय म्हणाली की थांबा."

मला आनंद व्हायला हवा होता.

आतून पोर ओरडली, "आई, मावशी आलीय का?"

मी बॅग तिच्या हातून घेतली आणि आत नेऊन ठेवली.