अर्ध्या इंचाचा घेर

३ फेब्रुवारी
नातीचा हुकूम — रविवारच्या नाचाला गोल स्कर्ट हवा! "गिरकी घेतली की छत्री झाली पाहिजे, आजोबा."

आजीनं, म्हणजे हिनं, खाटेवरून ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. आजारात उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून मशीनवर चादर. डॉक्टर म्हणतात, डाव्या हातानं गिरवा. परवा पेन्सिलच भिरकावली! "डाव्याला काय कळतंय!"

हात गेला त्याची नाही, पण ही अशीच पडून राहील याची भीती वाटते.

स्कर्ट मी शिवणार. जन्मभर भूमिती शिकवली, एक वर्तुळ जमणार नाही?

४ फेब्रुवारी
कंबर चोवीस इंच. तिला सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांशानं भागलं — त्रिज्या तीन पूर्णांक आठ दशांश. उंची अठरा. कापड चव्वेचाळीस पन्ह्याचं, जेमतेम बसतंय. घडी चौपदरी, कोपऱ्यात टाचणी, दोऱ्याला खडू. काय वर्तुळ आलं! फळ्यावरही असं कधी आलं नव्हतं.

खाटेवरून आवाज — "मास्तर, कापड म्हणजे फळा नव्हे." कानाआड केलं.

५ फेब्रुवारी
कापलं. हिच्याच कात्रीनं, एका दमात.

६ फेब्रुवारी
फजिती! कंबरेची कड अर्धा इंच दुमडून हातानंच शिवली, नातीला घातला — सर्रकन घोट्यांशी. पोरगी हसून हसून लोळली.

पोरांकडून घोकून घेतलं, रेषेला जाडी नसते. शिवणीला असते की! कड अर्धा इंच दुमडली, त्रिज्या तेवढीच वाढली आणि घेर तीन इंचांनी. साधं गणित, कापण्याआधी सुचायला हवं होतं. हिला विचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं. हात आठवून तिला वाईट वाटेल, असं मनाशी म्हणत राहिलो. खरं म्हणजे विचारायची मलाच लाज वाटली.

उद्या सकाळी नवं कापड आणतो.

७ फेब्रुवारी
दुकानातून आलो. वही टेबलावर उघडी. कालच्या नोंदीखाली पेन्सिलीनं, पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी अक्षरं —

"नवं कापड नको. इलॅस्टिक घालू. मशीनवरची चादर काढा. आणि मला विचारत जा, मास्तर."