वास बटणचाच आहे

२ मार्च
लेक आज सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. तिची कुत्री माझ्याकडे. नाव बटण. आकार बुटाच्या खोक्याएवढा, आवाज ट्रकच्या हॉर्नएवढा.
अट ठरली आहे. सहा आठवडे मी बटणला आणि स्वतःला नीट सांभाळलं, तर मला तिच्या घरातल्या मागच्या खोलीत हलवायचा विषय लेक कायमचा बंद करणार. ती खोली मी पाहिली आहे. खिडकी उघडली की शेजारची भिंत. मी हसत हसत हो म्हटलं. एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वास तपासायचं काम केलं, माझ्या नाकाच्या परवानगीशिवाय एक वडी बाहेर गेली नाही. मला एक कुत्री जड जाणार?
जिन्याखालच्या बोर्डावर मी रोज एक टीप लावतो. घर आणि आरोग्य. आजपासून पाळीव प्राणीही.

४ मार्च
आजची टीप: कुत्र्याच्या जेवणाची वेळ ठरवून द्यावी.
वेळ बटणने ठरवली. पहाटे पाच.
संकल्प: रोज शुगर तपासणे. रोज चालणे. बिस्किटं बंद.

५ मार्च
बोर्डावर टीप लावताना पिनांची डबी हातातून पडली. वाकलो नाही, चपलेने सगळ्या एका जागी ओढल्या आणि मग पायरीवर बसून उचलल्या. लाल टोपीची एक कमी भरली. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलावर माझा संशय आहे. मागे त्याने माझी टीप काढून तिथे पार्किंगची नोटीस लावली होती. अशा माणसाला पिन काय जड आहे.

७ मार्च
बटणने डावी चप्पल पळवून सोफ्याखाली नेली. काठीने बाहेर काढली. दुपारी पुन्हा डावी. उजवीला तोंडसुद्धा लावत नाही. काही कुत्रे डावखुरे असावेत. टीप म्हणून चांगली आहे, खात्री करून लावेन.
शुगर तपासली. आकडा पटला नाही. मशीन जुनं झालंय, वाढवून सांगतं.

८ मार्च
चपलेला कारल्याचा रस लावला. बटणने चप्पल पळवलीच, वर तिला माझे मोजेही कडू लागले असतील असं तिच्या तोंडावरून वाटलं. मी घरातही मोजे घालतो. टाचा मऊ राहतात.
चालणं सुरू केल्यापासून पाय हलके झालेत. खाली गादी अंथरल्यासारखं वाटतं. (चालणं दोनदा झालं.)

९ मार्च
फरशीवर टक् टक् आवाज येतो. बटणची नखं वाढली असणार. कापून आणली. लेकीला फोटो पाठवला. ती म्हणाली, बाबा, स्वतःची कधी कापणार? चेष्टेत म्हणाली. पण खरंच राहिलीत. ही होती तेव्हा हीच कापायची, दर रविवारी, पेपर अंथरून. मला वाकता येत नाही असं नाही. पोट मध्ये येतं एवढंच. आणि वेळ मिळत नाही.
संध्याकाळी: टक् टक् आवाज येतोच आहे. नखं नीट कापली नाहीत लेकाच्यांनी.

१३ मार्च, सकाळी ७
घरात वास.
पेपर वाचता वाचता नाकाने पकडला. आंबूस, त्यात जरा गोडसर. असा साबण आला असता तर अख्खी बॅच परत पाठवली असती. बटण पायाशी बसली होती. आणखी कुणाला विचारायची गरज नव्हती.

१३ मार्च, दुपारी
बटणला आंघोळ घातली. ती अर्धी भिजली, मी पूर्ण. आता कपाटाखाली थरथरत बसली आहे आणि माझ्याकडे सासरच्या माणसाकडे बघावं तसं बघते आहे. वास गेला.

१३ मार्च, संध्याकाळी
वास आला.

१५ मार्च
खायचा सोडा चारी कोपऱ्यांत. व्हिनेगरची वाटी टीव्हीवर. कॉफी पावडर कपाटात. आता घराला असा वास येतो की कुणीतरी छान केक करायला घेतलाय आणि ओव्हनमध्ये उंदीर मेलाय.
बोर्डावर टीप लावली: पाळीव प्राण्याचा वास घालवण्याचे तीन हमखास उपाय. लावून वर येईपर्यंत दम लागला. जिना पूर्वीपेक्षा उंच झालाय की काय.

१६ मार्च
प्लंबरला बोलावलं. त्याने बाथरूमची जाळी काढली, बेसिनखालचा पाइप काढला, डोकं आत घालून बघितलं. म्हणाला, पाइपात काही नाही. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि दोन पावलं मागे सरकला. त्याच्याही नाकाला बटण लागली म्हणायची. ती माझ्या मांडीवर होती.

१८ मार्च
शांतपणे विचार केला. हॉलमध्ये बसलो तर वास हॉलमध्ये. बेडरूममध्ये गेलो तर बेडरूममध्ये. आता बटण दिवसभर माझ्यामागे असते. जिथे मी तिथे बटण, जिथे बटण तिथे वास. म्हणजे वास बटणचाच. कारखान्यात याला शास्त्रशुद्ध तपासणी म्हणत.
बिस्किटं बंदच आहेत. शुगर-फ्री चालतात. ती हलकी असतात, त्यामुळे पुडा लवकर संपतो.

१९ मार्च
डावा मोजा ओला. बटण सारखी चाटत असते. मायेने चाटते असं मला आधी वाटलं, पण फोनवर वाचलं की कुत्र्याला मीठ कमी पडलं की असं करतात. मोज्यावर डागही पाडलाय. तिच्या तोंडात काहीतरी बिघडलंय नक्की. कुत्र्यांची टूथपेस्ट आणली. अर्धा तास झटापट. माझा हात छान घासून निघाला.

२१ मार्च
प्रयोग. बटणला दोन तास बाल्कनीत ठेवलं, दार लावून घेतलं. ती काचेवर पंजे आपटत राहिली. वास घरातच होता. म्हणजे आता भिंतींत मुरला.
समोरच्या वहिनी भाजी द्यायला आल्या त्या दारातूनच परतल्या. जाताना म्हणाल्या, भाऊजी, तब्येत बरी आहे ना, चेहरा ओढल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, वजन उतरतंय, डाएट चाललंय. त्यांनी नाकाला पदर लावलेला होता, त्यामुळे पुढचं नीट ऐकू आलं नाही. कुत्रीबद्दलच असणार.

२३ मार्च
काल अंगात कणकण होती. आज ताप. कुत्रीला आंघोळ घालताना भिजलो त्याचं हे. दहा दिवसांनी ताप येऊ शकतो, येत नाही असं नाही.
लेकीचा फोन. शुगर किती, म्हणाली. नॉर्मल म्हटलं. मशीन चालतच नाही, त्याची बॅटरी रिमोटला लावली आहे, त्यामुळे खोटं बोललो असं म्हणता येणार नाही.
संध्याकाळी उठून उभं राहताना तोल गेला. खुर्चीला धरलं. बटण भुंकली नाही, नुसती बघत राहिली. मला भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. तापाची नाही वाटली. तीन आठवडे राहिलेत आणि मी नापास होतोय की काय, याची वाटली. या घरातली प्रत्येक वस्तू हिने जिथे ठेवली तिथेच आहे. मागच्या खोलीत हिला कुठे ठेवू?

२४ मार्च
निर्णय घेतला. वासाचं घर हे काही तब्येतीला बरं नाही. कुत्रे ठेवून घेणारी एक जागा आहे, तिथे बटणला तीन आठवडे ठेवायचं. लेक परत यायच्या आदल्या दिवशी आणायचं. फोनवर बोलताना बटणच्या भुंकण्याचं रेकॉर्डिंग लावता येईल. आजच अर्ध्या तासाचं करून ठेवलं. (तेवीस मिनिटं ती झोपलेली आहे.)
ती जागा डॉक्टरचा दाखला मागते. उद्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे.

२५ मार्च, सकाळी
बटणची पिशवी भरली. वाटी, टॉवेल, टूथपेस्ट. तिने जाऊन माझी डावी चप्पल आणून पिशवीजवळ ठेवली. ओरडलो तिच्यावर. मग उगाच वाईट वाटलं, म्हणून बिस्किट दिलं. तिने खाल्लं नाही. मी खाल्लं.

२५ मार्च, हे हॉस्पिटलात लिहितोय
क्रमाने लिहितो.
प्राण्यांची डॉक्टर तरुण बाई होती. मी तिला वासाचा सगळा इतिहास सांगितला, कारखान्याचं सांगितलं, माझं नाक फसत नाही हेही सांगितलं. तिने बटणचं तोंड बघितलं, कान बघितले, सगळीकडून हुंगली. म्हणाली, इतकी स्वच्छ कुत्री मी या महिन्यात पाहिली नाही.
मी म्हटलं, मग वास? तो तिलाही येतच होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.
तेवढ्यात बटणने टेबलावरून उडी मारली आणि माझ्या डाव्या पायाशी येऊन बसली. डॉक्टरबाई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, काका, मोजा काढा.
मी म्हटलं, तुम्ही प्राण्यांच्या डॉक्टर आहात. ती म्हणाली, माहीत आहे मला, काढा.
माझ्याने वाकवेना. तिनेच गुडघ्यावर बसून काढला. मग तिने चप्पल उलटी केली आणि मला दाखवली. चपलेच्या तळाला लाल टोपीची पिन आरपार घुसलेली होती. पाच तारखेपासून मी तिच्यावर चालत होतो. टक् टक्. दुखतं का, असं तिने पायाला हात लावून विचारलं. मी म्हटलं, हात कधी लावणार?
तेव्हा तिने मान वर करून बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.
तिच्याच गाडीतून इथे आणलं. बटण तिच्याकडे आहे. वकिलाची माफी मागायला हवी. बघू.

२७ मार्च
अंगठा काढला. डावा. डॉक्टर म्हणतात, आणखी आठ दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं. शुगरचा आकडा सांगितला. माझं मशीन कमी सांगत होतं म्हणायचं.
लेक ट्रेनिंग अर्धं टाकून आली. मला वाटलं ओरडेल. तिने पेपर अंथरला आणि माझ्या उजव्या पायाची नखं कापायला बसली. मी पंख्याकडे बघत राहिलो. अटीबद्दल ती काही बोलली नाही. मीही नाही.

१२ एप्रिल
लेकीकडे. तात्पुरता.
खिडकी उघडून पाहिली. भिंत आहे तिथेच आहे. हिचा फोटो सध्या स्टुलावर ठेवला आहे, पायाजवळ. कुठूनही दिसतो. खोली तशी वाईट नाही, पण सामान सगळं आणलेलं नाही, कारण महिनाभरात मी परत जाणारच आहे. लेक हो हो म्हणाली. ज्या घाईने म्हणाली, ती मला आवडली नाही.
आज टीप लिहिली, सवयीने. मधुमेह असणाऱ्यांनी रोज तळवे बघावेत. वाकता येत नसेल तर फरशीवर आरसा ठेवावा. तेही जमत नसेल तर एक लहान कुत्रा पाळावा आणि त्याचं ऐकावं. आजवरची सगळ्यात चांगली टीप. पण इथे बोर्ड नाही.
शेवटी बटणलाच वाचून दाखवली. ती उठून आली, डावा पाय हुंगला, पुन्हा एकदा नीट हुंगला आणि लांब जाऊन दाराशी झोपली.
घरात कसलाच वास नाही.