तलीथा कूम कोणाला म्हटलंत?

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी अजून एकाच सकाळीत अडकून पडले आहे.

आपण मेहकरला राहत होतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि तुम्ही सायकलवरून खेडोपाडी शुभवर्तमान सांगत फिरायचात. रविवारी उपासनेत तुमचं मराठी इस्त्री केलेलं, घरी मात्र अस्सल वऱ्हाडी. फक्त आम्हा दोघी बहिणींना उठवताना तुम्ही तिसरीच भाषा काढायचात: "तलीथा कूम." मुली, ऊठ. बायबलात याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरून येशू हेच म्हणाला, ती उठली, आणि तिला खायला द्या असं त्यानं सांगितलं. म्हणून आपल्याकडे तोंड धुवायच्याही आधी एक भाकर मोडून अर्धी अर्धी आमच्या हातात यायची. पारोश्या पोरींना खाऊ घालणारा हा कसला धर्म, म्हणून शेजारची काकू हसायची. सरळ आपल्या भाषेत का उठवत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "बाकी पुस्तक ग्रीक भाषेत लिवलं. पण हे येशूच्या घरचे, अरामी बोल हायेत. ऐकणाऱ्यायले ते बदलावं नाही वाटलं."

मग आम्हाला गोवर निघाला. दोघी एकाच वाकळीवर फणफणत पडलो. काकूनं कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला, तोही तुम्ही ठेवू दिलात. आणि ती सकाळ. आई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून बसली आहे. तुम्ही आमच्याजवळ बसता. तुमच्या हातात भाकर आहे, मोडलेली नाही. तुम्ही म्हणता, "तलीथा कूम." मी उठून बसते. धाकटी उठत नाही. तुम्ही तिच्याकडे बघता, माझ्याकडे बघता, आणि अख्खी भाकर माझ्या हातात देता. ती पहाटेच गेली होती आणि तुम्हा दोघांना ते ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कळल्यापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. ठाऊक होतं, तर हाक तिलाच असणार, याईराच्या पोरीसारखी. मग भाकर का मोडली नाही? की तिची आशा सोडून तुम्ही मलाच बोलावत होतात? पुढे बुलढाण्याला बायबल शिकवणाऱ्या बाईंना मी त्या शब्दांचा अर्थ खोदून खोदून विचारला. त्या म्हणाल्या, तलीथा हा लाडाचा शब्द आहे, आपण लेकराला कोकरू म्हणतो तसा. बरं, पण त्यात नाव नाही. याईराच्या घरी एकच मुलगी निजली होती, नाव कशाला लागतंय? आपल्या वाकळीवर दोघी होत्या, बाबा.

त्यानंतर तुम्ही ते शब्द कधीच काढले नाहीत. "ऊठ वं माय," एवढंच म्हणायचात. एकदा देऊळगाव राजाच्या स्टँडवर विचारणार होते, अगदी ओठांवर आलं होतं. तुम्ही माझ्यासाठी खिडकीची जागा धरायला पुढे गेलात आणि माझा धीर सुटला. तुम्ही तिचं नाव घेतलं असतंत तर मी काय केलं असतं?

आता नातीला उठवताना मी आधी तिचं नाव घेते, मग ते शब्द. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. हाक कोणाची का असेना, मला त्या सकाळी कडकडून भूक लागली होती. ती भाकर मी सगळी खाल्ली, आणि गोड लागली.